ह्येला काय लागतंय?

शाहूवाडी तालुक्यात झाड कसं लावावं हे कुणाला शिकवावं लागत नाही. झाड येऊ नये म्हणून काय करावं, हे मात्र बाप पोराला शिकवत आलाय. मृग बरसला की कौलांच्या फटीत पिंपळ डोकं काढतो, विहिरीच्या कठड्यातून उंबर बाहेर येतो, बांध घाणेरीनं माजतो आणि महिनाभर न हललेल्या मोटारसायकलच्या सीटवर शेवाळ धरतं. आंबा घाटापासून विशाळगडापर्यंत जिकडं बघाल तिकडं अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ यांची दाटी. चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा एक तुकडा आमच्याच तालुक्यात आहे. ते उद्यान २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं आणि २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं तेव्हा त्या यादीतही चांदोलीचं नाव लागलं. म्हणजे आमचं रान हिरवं आहे, याबद्दल पार पॅरिसच्या कचेरीतसुद्धा दुमत नाही.

अशा तालुक्यात माणसं पैसे मोजून हिरवं झाड विकत आणतात. तेही दोन फुटांचं. तेही जोडीनं.

कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याला बांबवड्यापासून मलकापूरपर्यंत जे नवे बंगले उठलेत त्यांची रचना ठरून गेलीय. गेटच्या दोन खांबांवर दोन सिंह. खांबावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत ‘आईवडिलांची पुण्याई’. आत पेव्हिंग ब्लॉक, म्हणजे चुकूनही गवताची काडी उगवायला नको. आणि ब्लॉक संपतात तिथं दोन कुंड्यांमध्ये गच्च, शेंड्याला निमुळती, पोपटी-सोनेरी झाडं. पुस्तकात त्यांना शंकुधारी वृक्ष म्हणतात, नर्सरीवाला कोनिफर म्हणतो. मोरपंखी, गोल्डन सायप्रस, ज्युनिपर, ख्रिसमस ट्री ही त्यातली आपल्याकडची नेहमीची मंडळी. गावात मात्र सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: शोचं झाड.

गावाच्या हिशेबी झाडं पाच जातींची. फळाचं, फुलाचं, लाकडाचं, पाल्याचं आणि देवाचं. देवाच्या झाडाला काही लागलं नाही तरी चालतं, कारण त्याला कुऱ्हाड लावायची नसते, एवढंच त्याचं काम. शोचं झाड या पाचांत कुठंच बसत नाही, आणि हीच आमच्या दाजींची अडचण झाली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात पुण्यात बँकेत काढली, त्यातली बरीच वर्षं कर्जवसुलीत. निवृत्त झाल्यावर मलकापूरच्या अलीकडं वडिलोपार्जित जागेत बंगला बांधला आणि कंपाउंडच्या कडेनं एका ओळीत डझनभर ठेंगणी कोनिफरं लावली. माणसांकडून पैसे वसूल करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला, जो काही देणं लागत नाही आणि ज्याच्याकडून काही येणंही नाही असा सोबती हवासा वाटला असावा. हे माझं अनुमान. दाजी स्वतः ‘एलिव्हेशनला सूट होतं’ एवढंच सांगतात.

झाडं लागली त्या आठवड्यात वरच्या वाडीतले एक म्हातारबुवा शेताकडं जाताना गेटपाशी थांबले.

“ह्येला काय लागतंय, साहेब?”

“काही लागत नाही. शोचं झाड आहे.”

“फूल?”

“येत नाही.”

“मग जनावरास्नी पाला घालायचा आसंल.”

“जनावर खात नाही ते.”

“औषधी हाय?”

“नाही हो.”

“बरं, मोठं झाल्यावर सावली तरी पडंल.”

“मोठं होत नाही. म्हणून तर आणलंय.”

म्हातारबुवांनी एकवार सगळ्या रांगेवरून नजर फिरवली आणि दहावीला नापास झालेल्या पोराच्या बापाशी बोलावं त्या सुरात म्हणाले, “आसूं दे, आसूं दे. हुईल कायतरी.”

पुढं हाच प्रश्न दूधवाल्यानं विचारला, मीटर बघायला आलेल्यानं विचारला, सत्यनारायण सांगायला आलेल्या भटजींनीही विचारला. भटजींना दाजींनी जरा सविस्तर उत्तर दिलं. मोरपंखीला बोराएवढी, निळसर, शिंगं फुटलेली बोंडं येतात, असं सांगितलं. भटजी खूश झाले. “नैवेद्याला चालतात?”

आता यात गावाची काही चूक नाही. ही झाडं जिथली आहेत तिथं त्यांना काम आहे. थंड मुलखात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत बाकीची झाडं पानं टाकून मोकळी होतात, बाग म्हणजे नुसता काड्यांचा पसारा उरतो, आणि त्या पसाऱ्यात हिरवा, निळा, सोनेरी रंग दाखवणारी एवढी एकच जमात. घरं लहान, वाफे लहान, म्हणून ठेंगण्या जाती. तिकडच्या लोकांना या प्रकरणाची एवढी गोडी की मरे हॉर्निब्रुक नावाच्या गृहस्थांनी १९२३ साली फक्त ठेंगण्या आणि सावकाश वाढणाऱ्या कोनिफरांवर अख्खं पुस्तक काढलं. आमच्याकडं फेब्रुवारीत कंपाउंडच्या बाहेर जांभूळ हिरवं, फणस हिरवा, आंब्याला मोहर, आणि आत हे. तिथलं कारण तिथंच राहिलं, झाड तेवढं टेम्पोत बसून आलं.

सह्याद्रीनंही या बाबतीत कधी हौस दाखवलेली नाही. दख्खनच्या खालच्या सगळ्या द्वीपकल्पात मूळचं म्हणावं असं शंकुधारी झाड एकच, नागेया वालिचियाना. तेही पार दक्षिणेत, निलगिरी आणि अगस्त्यमलाईच्या बाजूला. आपल्या बाजूच्या रानात एवढा पाऊस, एवढी उंची, एवढी जागा असून डोंगरानं जे लाखो वर्षांत केलं नाही, ते दाजींनी एका रविवारी उरकलं.

हे झाड विकत घेण्याचा प्रसंगही बघण्यासारखा असतो. एरवी नर्सरीत जाणारा माणूस विचारतो, “लवकर वाढंल का? फळ कधी धरंल?” कोनिफरचं गिऱ्हाईक एकच विचारतं: “वाढणार नाही ना?” नर्सरीवाला छातीवर हात ठेवून सांगतो, “अजिबात वाढत नाही साहेब, गॅरंटी.” रोप न वाढण्याची हमी मिळाल्यावर जादा पैसे देणारा ग्राहक शेतकऱ्याच्या जातीत प्रथमच निपजला असेल. रोपं येतात कुठून, तर बहुतेक आंध्रातल्या गोदाकाठच्या कडियमहून, नाहीतर उरुळी कांचनजवळच्या सोरतापवाडीहून. दोन्हीकडं गावंच्या गावं नर्सरीवर चालतात. वाटेत तीन हात बदलले की मूळ नाव गळून पडतं आणि आपल्यापर्यंत ‘गोल्डन’ एवढंच पोचतं.

गॅरंटीचं म्हणाल तर तिच्यात एक गोम आहे. अमेरिकन कोनिफर सोसायटी म्हणून एक संस्था आहे. तिनं या झाडांची वर्गवारी केलीय ती वाढीच्या वेगावर. वर्षाला एक इंचाच्या आत वाढतं ते मिनिएचर. एक ते सहा इंच वाढतं ते ड्वार्फ. सहा इंच ते एक फूट मध्यम, आणि त्यापुढचं मोठं. म्हणजे ठेंगणं म्हणून आणलेलं झाडसुद्धा वाढत असतंच, फक्त घाई करत नाही. वर्षाला सहा इंच धरले तर वीस वर्षांत दहा फूट, आणि सोसायटीच्या कागदावर ते तेव्हाही ठेंगणंच. (हीच वर्गवारी आमच्याकडच्या पुलांच्या कामांना लावली तर बरेच पूल पहिल्या वर्गात बसतील.)

दाजींना हे वाचून दाखवल्यावर त्यांनी त्यातून भलतंच काढलं. दर एकतीस मार्चला ते टेप घेऊन कंपाउंडला जातात, प्रत्येक झाडाची उंची आणि घेर मोजतात आणि जुन्या बँकेच्या डायरीत लिहितात. डाव्या बाजूला ओपनिंग बॅलन्स, उजव्या बाजूला क्लोजिंग, शेवटच्या रकान्यात वाढ टक्क्यांत. “तीन नंबरचं ज्युनिपर पाच टक्क्यांवर आहे,” त्यांनी मला एकदा गंभीरपणे सांगितलं. “एफडीपेक्षा कमी. पण टीडीएस नाही.”

वाढ हा प्रकार खरोखर बघायचा असेल तर दाजींच्या शेजारी अण्णा आहेत त्यांच्याकडं जावं. अण्णांनी दाजींच्या कितीतरी आधी कुंडीतलं ख्रिसमस ट्री आणलं होतं. टप्प्याटप्प्यांनी फांद्या, अगदी चित्रातलं झाड. नर्सरीतलं हे ख्रिसमस ट्री म्हणजे अरोकेरिया. कॅप्टन कुकला १७७४ च्या सफरीत न्यू कॅलेडोनिया आणि नॉरफोक बेटांवर ही झाडं दिसली तेव्हा लांबून त्याच्या माणसांना ती नेमकी काय आहेत हेच कळेना, इतकी उंच. पन्नास-साठ मीटरपर्यंत जाणारी जात. अण्णांनी प्रेमानं ते कुंडीतून जमिनीत उतरवलं. आता ते दुमजली घराच्या वर गेलंय, विजेच्या तारांना टेकलंय, आणि दर मेमध्ये वायरमन येऊन त्याचा शेंडा उतरवतो. शेंडा उतरवला की एकाच्या जागी दोन-तीन शेंडे उठतात.

त्यातून ते वाकडं. कुक पाइन म्हणतात ती ही जात; जगात कुठंही लावा, ती विषुववृत्ताकडं कलते. ऑस्ट्रेलियात उत्तरेला झुकते, आपल्याकडं दक्षिणेला. पाच खंडांवरची झाडं मोजून शास्त्रज्ञांनी २०१७ साली हे जाहीर केलं. अण्णांना ते कुठलं ठाऊक असणार? त्यांच्या घरी वास्तूचा सल्ला द्यायला एक गृहस्थ आले, झाड बघून मागं सरकले आणि म्हणाले, “दक्षिणेला झुकलंय. यमाची दिशा.” तेव्हापासून अण्णांनी त्या झाडाला उत्तरेकडून नायलॉनची दोरी बांधून ओढून धरलंय. दोरीचं दुसरं टोक दाजींच्या कंपाउंडच्या अँगलला आहे, आणि दोन घरांमध्ये सध्या जो काही ताण आहे तो एवढ्यापुरताच.

मूळ ठेंगणी झाडं सापडतात कशी, ही हकिगत मला फार आवडते. १९०४ साली अमेरिकेतल्या अर्नोल्ड आर्बोरेटमचे दोन वनस्पतीशास्त्रज्ञ, जॅक आणि रेडर, कॅनडाच्या रॉकी पर्वतात हिंडत होते. लॅगन नावाच्या स्टेशनवर आले तर गाडी लेट. बसून काय करायचं म्हणून दोघं आजूबाजूला फिरायला गेले आणि त्यांना स्प्रूसची काही बुटकी, नेटकी, आपोआप शंकूचा आकार धरलेली रोपं दिसली. ती त्यांनी बरोबर नेली. आज जगभरच्या बागांत ड्वार्फ अल्बर्टा स्प्रूस म्हणून जे लाखोंनी विकलं जातं ते सगळं त्या लेट झालेल्या गाडीचं देणं. मलकापूरच्या स्टँडवर बसून मी एसटीची वाट बघण्यात काही कमी काळ घालवलेला नाही. तिथं भजी मिळते, गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत कोण कुणाला पाडणार याची आतली बातमी मिळते, पण गाडी लेट झाल्यानं जगाचं काही भलं झाल्याचं माझ्या ऐकण्यातलं उदाहरण लॅगनचं एकच.

दुसरी तऱ्हा याहून गमतीची. मोठ्या पाइन-स्प्रूसच्या झाडावर उंच कुठंतरी एखादी फांदी बिघडते आणि तिथं बारीक डहाळ्यांचा गच्च झुबका तयार होतो. त्या झुबक्याची काडी आणून कलम केलं की नवीन ठेंगणी जात तयार. झुबका असतो पन्नास-साठ फुटांवर, चढता येत नाही, म्हणून तिकडचे काही शौकीन चक्क बंदूक घेऊन रानात जातात आणि नेम धरून फांदी पाडतात. शिकार म्हणजे एक डहाळी. आमच्याकडं ऐनावर किंवा आंब्यावर असलं काही दिसलं तर ते बांडगुळाच्या जातीत जमा होतं आणि दुपारपर्यंत चुलीत जातं. शाहूवाडीनं अशा किती जाती चुलीत घालून चहा केला असेल, देव जाणे.

पण दाजींची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू झाली. आमचा पाऊस सांगून समजत नाही. आंब्याकडं एकदा लागला की दिवसरात्र एकच धार. कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, पापड हातरुमालासारखा दुमडतो. कोनिफरांची मुळं हवेची भुकेली. पाणी साचलं की ती कुजतात. दाजींनी खड्डे काढले होते जांभ्यात. वर लाल माती, खाली दगडाची वाटी. त्यात पाणी उतरलं ते ऑगस्टपर्यंत हललं नाही.

दाजींचं निदान निराळं होतं. त्यांना वाटलं, पाऊस वरून पडतोय, तर बंदोबस्त वरून करावा. गोठ्याच्या माळ्यावर माझ्या बहिणीच्या सासऱ्यांच्या वेळची इरली पडली होती. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पानं गच्च बसवलेली, वाकून भात लावणाऱ्या माणसाची पाठ झाकेल एवढी. आता शेतात सगळ्या बाया प्लॅस्टिकच्या खोळी घेतात, इरलं कोण बघतो? दाजींनी ती सगळी खाली काढली, उंदरांनी कुरतडलेल्या जागी पोत्याची ठिगळं लावली आणि एकेका झाडावर एकेक चढवलं. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, कंपाउंडच्या कडेनं डझनभर माणसं खाली मान घालून रोप लावतायत, पण पुढं काही सरकत नाहीत. रोपलावणीला निघालेल्या एका बाईनं गेटवरून माझ्या बहिणीला हाक मारली, “अक्का, ही गडीमाणसं कुठनं आणलीसा? सकाळधरनं वाकल्यात ती उठलीच न्हाईत!”

आत पाणी बाजूनं येतच होतं. पण कोनिफराची खोड अशी की ते मेल्यावर लगेच सांगत नाही. मुळं गेली तरी पान कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. नाताळात तोडलेलं झाड घरात उभं करून महिनाभर मिरवता येतं ते याच गुणावर. इरली निघाली तेव्हा सगळी रांग हिरवीगार. दाजींनी पेढे आणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मग गणपती गेले, दसरा आला, आणि गोल्डन सायप्रस एकामागून एक आतून तपकिरी होत गेले. पान चोळलं तर लिंबाचा वास तसाच, झाड मात्र केव्हाच वारलेलं. “खातं चालू दिसत होतं,” दाजी सुन्न होऊन म्हणाले, “आत काही नव्हतं.” डायरीत त्या पाच झाडांपुढं त्यांनी लाल शाईनं एनपीए लिहिलं. अक्का म्हणाली, “ह्यापेक्षा आपली तुळस बरी. जायची असली की आठ दिवस आधी तोंड उतरवते.”

उरली मोरपंखी आणि ज्युनिपर. मोरपंखीचं घराणं चीनकडचं, पण इकडच्या पाच-पंचवीस पिढ्यांत तिनं सोसायची सवय लावून घेतलीय. दाजींनी मग जांभ्याचे चिरे लावून फूट-दीड फूट उंच वाफे केले, मातीत खडी आणि वाळू निम्मी-निम्मी मिसळली. वाळू मिळवायला त्यांना झाडांच्या किमतीच्या दुप्पट पैसे आणि तिप्पट ओळखी लागल्या. त्यानंतरचे पावसाळे झाडांनी बिनघोर काढले.

आता छाटणीचं ऐका. मोरपंखीच्या बाहेरच्या बाजूला हिरवं पान, आत उघडं तपकिरी लाकूड. कात्री फक्त हिरव्यात चालवायची. तपकिरी लाकडात गेली की तिथून पुन्हा पालवी फुटत नाही, ते भोक जन्माचं. यू नावाच्या झाडासारखा एखादा अपवाद सोडला तर बहुतेक कोनिफरांचा हाच कायदा. दाजी एकदा लग्नाला कोल्हापूरला गेले आणि जाताना गड्याला सांगून गेले, “जरा शेप दे रे.” गडी नेकीचा. त्यानं कोयता पाजळला. दाजी परत आले तेव्हा रांगेतली पहिली दोन झाडं कमरेपर्यंत सोललेली आणि गडी तिसऱ्यापाशी पोचलेला.

“अरे, काय केलंस हे?”

“शेप दिला की. जरा सडपातळ केलं.”

“आता तिथून फुटणार नाही ते!”

गडी हसला. “शेवगा खालपतोर तोडला तरी आषाढात फुटतो, साहेब. ह्येला काय धाड भरलीया?”

आषाढ आला आणि गेला. गडी अजूनही येता-जाता त्या दोन झाडांकडं बघून मान हलवतो. दोष कोयत्याचा आहे असं त्याला वाटत नाही, झाडाच्या संस्कारांचा आहे असं वाटतं.

बाकीचे पाहुणे त्या मानानं सभ्य. एका पहाटे गवा आला. आमच्या भागात गवा अंगणात येणं ही आता बातमी राहिलेली नाही. त्यानं एक ज्युनिपर हुंगलं, मोठ्यानं फुसकारला आणि रस्ता ओलांडून समोरच्या मक्यात गेला. सकाळी सगळा गाव मक्याचा पंचनामा बघायला जमला तेव्हा दाजी आपल्या अखंड झाडांपाशी उभे होते, पण चेहऱ्यावर आनंद नव्हता. जनावरानंही नाकारलेलं माणसाला लागतंच कुठंतरी.

आंब्याच्या रिसॉर्टवाल्यांनी मात्र या झाडांचं मर्म बरोबर ओळखलंय. सांगली-इचलकरंजीकडची माणसं सह्याद्रीचं जंगल बघायला म्हणून येतात. मागं देवराई असते, समोर धुकं असतं, झाडावर शेकरू पळत असतं. ती सगळी त्याकडं पाठ करून लॉनच्या कडेच्या चार फुटी सायप्रसपाशी रांगेत उभी राहतात आणि फोटो काढून खाली लिहितात: ‘फीलिंग लाइक मनाली.’

दाजींच्या मोरपंखीला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते शाळेतून. आमच्या पिढीत सगळ्यांनीच केलंय ते. मोरपंखीची डहाळी तोडायची, तिला ‘विद्या’ म्हणायचं आणि गणिताच्या पुस्तकात ठेवायची. म्हणजे अभ्यास आपोआप डोक्यात चढतो. कुणी तिला पेन्सिलीचं टरफल खायला घालायचं, कुणी खडूची भुकटी. मला वाटलं होतं मोबाइल आल्यावर ही अंधश्रद्धा बुडाली असेल. वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात दाजींच्या कंपाउंडला जाऊन बघितलं तेव्हा कळलं की शिक्षणपद्धती बदलली तरी विद्येची मागणी कायम आहे. जाळीतून हात घालून पोरांनी रस्त्याकडची बाजू साफ केली होती आणि बंगल्याकडची बाजू जशीच्या तशी भरगच्च. खुर्चीत बसून बघणाऱ्या दाजींना वर्षभर काही कळलंच नाही. एकतीस मार्चला घेर निम्मा भरला तेव्हा त्यांनी आधी टेप तपासला.

एका पोराला त्यांनी रंगेहाथ पकडलं. “कितवीत आहेस?” “सातवी.” “विद्या नेऊन पास झालास का कधी?” पोरगं विचार करून म्हणालं, “तुमचीच न्हेतोय गेल्या वर्षापास्नं. पोलादपूरच्या मामानं दिलेली आधी व्हती, तिच्यात नापास झाल्तो.” दाजींनी त्याला आणखी एक डहाळी दिली.

पण पोरांची मागणी वर्षातून एकदाची. खरी बाजारपेठ अक्कानं शोधली, आणि ती आमच्या जिल्ह्यात बारमाही आहे. ग्रामपंचायत, सोसायटी, पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना, कुठली ना कुठली निवडणूक चालूच असते. निवडणूक म्हटली की निवड, निवड म्हटली की सत्कार, सत्कार म्हटला की बुके. आणि बुके म्हणजे दोन गुलाब, एक झेंडू, चमकीचा कागद, आणि उरलेली सगळी जागा भरायला मोरपंखी. फूलवाल्याला ती लांबून मागवावी लागायची. अक्काची आणि त्याची मंगळसूत्राच्या दुकानात गाठ पडली, बोलणं झालं. त्यानंतर दाजी दुपारी आडवे झाले की ती भाजीची कात्री घेऊन कंपाउंडला जायची. तपकिरी लाकडाला हात न लावता, फक्त हिरवा शेंडा, दर झाडाचा थोडा थोडा. हा नियम दाजींनीच तिला दहादा वाचून दाखवलेला. छाटणी इतकी सुरेख व्हायला लागली की झाडांना आपोआप आकार आलाय असं दाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले.

जुलैमध्ये हायस्कुलात वृक्षारोपणाचा कार्यक्रम झाला. गावात झाडांवर डायरी ठेवणारे एकटे दाजीच, त्यामुळं ‘वृक्षमित्र’ म्हणून त्यांचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला, मग बुके आला. दाजींनी तो हातात घेतला, फोटोसाठी वर बघितलं, आणि फोटोग्राफर ‘स्माइल प्लीज’ म्हणत असताना पुन्हा खाली बघितलं. मोरपंखी सोनेरी कडेची होती, आणि तालुक्यात सोनेरी कडेची मोरपंखी दोन नंबरच्या झाडाला आहे. ते त्यांच्याच डायरीत लिहिलेलं. अख्ख्या भाषणात त्यांनी वृक्षांविषयी एक शब्द काढला नाही. घरी आल्यावर बुके टेबलावर ठेवला, चमकीचा कागद सोडवला आणि एकेक डहाळी बाजूला काढून मोजायला बसले.

अक्का चहा घेऊन आली. तिनं ढिगाकडं बघितलं, मग दाजींकडं.

“मोजू नका. वीस रुपये जुडीनं गेलंय ते.”

“किती जुड्या?”

अक्कानं पदराच्या गाठीतून वही काढली. बँकेचीच जुनी डायरी, मागच्या बाजूनं सुरू केलेली. जमा, शिल्लक, तारीख, सगळं जिथल्या तिथं. दाजींनी चष्मा लावला, पान उलटलं, रकाने खाली-वर तपासले, एका ठिकाणी बेरीज पुन्हा करून बघितली. बेरीज बरोबर होती. वहीतल्या आकड्यानं एफडीला केव्हाच मागं टाकलं होतं.

“पुढच्या महिन्यात कारखान्याचं मतदान हाय,” अक्का म्हणाली. “सोरतापवाडीला कधी जाणार आहात? आणखी पंचवीस रोपं आणा. पण ही असली बुटकी नकोत. लवकर वाढणारी बघून आणा.”